देवळात दिलेली बाटली

आमच्या कशेळ्याकडच्या गावात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली ती कुठे? तर देवळाच्या सभामंडपात! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे. जिच्या अंगावरून जातंय तिनंच आधी यायला हवं, आणि आमच्याकडे तसली बाई देवळाची पायरी चढत नाही. एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याला सुचली नाही. नुसतं रक्त आणि लघवी द्यायची, आतून तपासणी नाही, म्हणून बाकीच्या बायका हौसेनं गेल्या.

माझ्या थोरल्या जावेची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती आणि आता पुन्हा लाल जात होतं. हे फक्त मला माहीत. गुडघ्याचं निमित्त सांगून त्या देवळात गेल्या नाहीत, म्हणून रक्त घ्यायला नर्स घरी आली. लघवीची बाटली मात्र देवळात नेऊन द्यायची होती.

"माजी न्यायची नाय," जाऊबाई म्हणाल्या. "रगत हाय त्यात. तूच भर गं दोनी बाटल्या."

आणि मी भरल्या! शिकलेली मी, अंगणवाडीत नोकरी करणारी. वाद घालायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही.

रिपोर्ट चांगला आला. जाऊबाईंनी तो गावभर दाखवला. पुढे सहा महिने मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "चांगला आलाय ना रिपोर्ट?"

"अहो, लघवी माझी होती!"

"हळू बोल गं."

जळलं मेलं ते हळू बोलणं. मीही गप्प बसले.

शेवटी त्यांना उभं राहवेना, तेव्हा भाऊजींनी त्यांना खोपोलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आतून तपासलं, तुकडा काढून पाठवला. आठवड्यानं आम्हाला बोलावून म्हणाल्या, "कॅन्सर पसरलाय. लघवीत फक्त हा कॅन्सर करणारा विषाणू कळतो, कॅन्सर नाही. रक्त जात असताना चांगल्या रिपोर्टवर विसंबायचंच नसतं. लगेच आणलं असतं तर कदाचित ऑपरेशननं भागलं असतं."

"पन ह्यात तर काय नाय म्हटलंय," भाऊजी तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा दाखवत होते.

बाहेर बाकावर जाऊबाईंनी माझा हात धरला. "बाटलीचं कुनाला सांगू नको. तुला बोल लावतील."

त्यांचा मला भयंकर राग आला. स्वतःचा जीव चाललाय, आणि ही बाई माझी अब्रू झाकतेय! हात सोडवून घेतला, आत गेले आणि भाऊजींना म्हटलं, "तुमच्या हातातला रिपोर्ट माझ्या लघवीचा आहे. जाऊबाईंची कुणी तपासलीच नाही."