टक्कल आहे, सुतक नाही

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या बाबांमुळे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा मी पहिलीत जाणार होतो. त्यानंतर आई आणि मी अभनपूरला त्यांच्याच घरी राहिलो. रायपूरहून धमतरीला जाणाऱ्या रेल्वेच्या छोट्या लाइनीवर ते फाटकवाले होते. आता ती गाडीही नाही आणि त्यांची नोकरीही संपली. आमची शाळा हिंदी, पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं छत्तीसगढी बोलायची, तरी मला मराठी लिहिता-वाचता येतं, कारण फाटकावरच्या खोलीत बसवून ते माझ्याकडून नागपूरचा शिळा पेपर मोठ्यानं वाचून घेत. चुकलो की म्हणत, "पुन्हा वाच. घाई गाडीले असते, तुले काय आहे?" घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. निकाल सांगायला मी धावत फाटकावर गेलो, तेव्हा गाडी निघून गेल्यावरही ते फाटक उघडायला विसरले. दोन्ही बाजूंचे लोक हॉर्न वाजवून थकले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी ज्यांच्याशी भांडलो ते हेच.

मी रायपूरला बूढापाऱ्यात एक खोली घेऊन राहतो आणि सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, माल रवाना करायच्या ऑफिसात काम करतो. ट्रक कुठे अडला, बिलात नंबर कुठे चुकला, ड्रायव्हर फोन का उचलत नाही, हे सगळं माझ्याकडे. आम्ही तिघे होतो. दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. साहेब म्हणाले, "दो महीने देख लो, फिर करते हैं कुछ." त्या 'फिर'ची वाट पाहत मी फोन उशाशी घेऊन झोपू लागलो. झोपू लागलो म्हणजे आडवा होऊ लागलो. जेवताना फोन वाजला की ताटावरून उठायचो. पण मला वाटायचं की नोकरी म्हणजे हेच असणार. घरात आधी कोणी ऑफिसात बसलेलंच नव्हतं, तर विचारणार कोणाला?

केस गळू लागले ते यानंतर काही महिन्यांनी. न्हाणीच्या जाळीत गुंता, उशीवर केस, कंगव्यात केस. मग एक दिवस गल्लीतला न्हावी मशीन थांबवून म्हणाला, "भैया, पीछे एक जगह एकदम साफ है." त्यानं मागे दुसरा आरसा धरला. कानाच्या वर, मागच्या बाजूला, सिक्क्याएवढी जागा तुळतुळीत. आमच्याकडे याला चाई म्हणतात. पुढे तशीच आणखी एक झाली, मग कपाळाच्या वर एक, मग दाढीत.

उपाय सांगणाऱ्यांची रांग लागली. घरमालकीण काकूंनी कांद्याचा रस चोळायला लावला. दिवसभर ट्रकवाले माझ्यापासून दोन हात लांब उभे राहायचे. ऑफिसातल्या एकानं तेल आणून दिलं, दुसऱ्यानं नकली केसांचा पॅच लावणाऱ्याचा पत्ता. "शादी से पहले लगवा ले यार, बाद में लड़की कहाँ जाएगी," तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. पण सकाळी उठलो की पहिलं काम एकच, उरलेले केस ओढूनताणून त्या जागांवर बसवणं. स्कूटरवर वारा लागायचा. ऑफिसात पंखा कुठे आहे ते बघून मी खुर्ची सरकवायचो. कोणी मागे उभं राहिलं की पाठ फिरवायचो. ट्रकांची काळजी होतीच, त्यात आता डोक्याची भर पडली.

शेवटी चौबे कॉलनीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोकं बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "केस गळायच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"झोपता किती?"

मी बोटांवर तास मोजायला लागलो. मग ट्रक, फोन, गेलेले दोघे, सगळं बाहेर आलं. त्यांनी हिंदीत, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. केसांना वाढायचे दिवस असतात आणि विसाव्याचे असतात. शरीरावर मोठा ताण आला की पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून माणसाला कारण आठवत नाही, ते मागे पडलेलं असतं. ते केस बहुतेक वेळा परत येतात. चाईचं मात्र वेगळं. तिथे शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर उठते. ती एकट्या ताणानं होत नाही, पण ताण तिला ढकलू शकतो. एकाची दुसऱ्याला लागत नाही, घाणीनं होत नाही, कोणाच्या शापानं तर नाहीच. पुष्कळदा केस येतात, कधी येत नाहीत. "मी वचन देणार नाही," बाई म्हणाल्या. "पॅचवाला देईल."

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. लोह कमी निघालं, थायरॉइड ठीक होतं. चाईच्या चकत्यांमध्ये औषधाच्या बारीक सुया टोचायचं ठरलं. कांदा बंद. वेळेवर जेवण, रोज थोडं चालणं, आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. माझी खोली एकच आहे, असं मी सांगितलं. "मग बंद करा," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी न्हाव्याला सांगितलं, सगळे काढ.

त्यानं वस्तरा हातात घेतला आणि थांबला. "भैया, घर में कुछ हो गया क्या?"

"काही नाही झालं. काढ."

"पिताजी..."

"काढ रे बाबा."

डोक्याला वारा लागला तेव्हा किती दिवसांनी मान मोकळी झाल्यासारखं वाटलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. पण गल्ली पार करेपर्यंत तिघांनी हात जोडले. किराणेवाल्यानं दुधाची पिशवी देताना आवाज खाली आणला. काकू पदर डोक्यावर घेऊन म्हणाल्या, "बेटा, कब हुआ?" आपल्याकडे गुळगुळीत डोकं म्हणजे घरात कोणी गेलेलं, हे मला ठाऊक होतं. ते इतक्या जणांना सांगावं लागेल, हे ठाऊक नव्हतं.

ऑफिसात तर साहेब उठून उभे राहिले. "अरे! बताया क्यों नहीं? तेरहवीं तक छुट्टी ले लो, यहाँ हम देख लेंगे."

महिनोन्‌महिने एक रविवार मिळत नव्हता आणि आता न मागता तेरा दिवस. मेलेल्या माणसासाठी 'हम देख लेंगे' होतं, जिवंत माणसाला झोपायला नव्हतं.

"सर, कोई नहीं गया," मी म्हणालो. "सब ज़िंदा हैं. मुझे छुट्टी नहीं चाहिए. रात आठ के बाद मेरा फ़ोन बंद रहेगा."

"ऐसे कैसे?"

"जैसे तेरह दिन चल जाता, वैसे."

त्यांनी चार दिवस तोंड फुगवलं. मग रात्रीच्या फोनसाठी दुसरा माणूस ठेवला. नोकरी गेली असती तर? याचा विचार मी केला होता. गेली तर गेली, असं ठरवूनच गेलो होतो. त्या रात्रीपासून झोप लागायला लागली.

राहिलं अभनपूर. मोठ्या बाबांच्या मुलीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलेलं होतं. तिला सख्खा भाऊ नाही. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, तो मान माझा. लहानपणापासून ती मला धमकी द्यायची, "दादा, जोरात पिळ, नाहीतर मी तुझा पिळीन." आणि अशा वेळी मी हे डोकं घेऊन रविवारी घरी गेलो.

मोठे बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी अंगणाच्या दारातून आत आलो. त्यांनी बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"मी मेलो काय बे?"

"मोठे बाबा, ऐका तर..."

"जिवंत आहो ना मी? दिसून राहिलो ना तुले? मंग कोणाच्या नावानं भादरलं हे?"

मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, आतून धावत आली. "काहून केलं रे असं? लग्न तोंडावर आहे. पोट्टा पाहा कसा दिसून राहिला!"

मी चाई सांगितली, डॉक्टर सांगितली, झोप सांगितली. ते मधेच तोडत. "चाई तर चाई. बाप डोक्यावर असताना पोरगा डोकं भादरत नसते. लग्नात पाहुणे काय म्हणतील? सुतकातला माणूस मांडवात उभा केला म्हणतील. मांडवात यायचं असंल तर केस घेऊन ये."

"कुठून आणू?"

"कुठून बी आण. रायपुरात सगळं भेटते."

बहीण दारातून म्हणाली, "बाबा, दादा टकलाच अच्छा लगता है. फोटो में चमकेगा." तिला आत हाकललं. आईनं ताट वाढलं होतं, पण मी न जेवता निघालो. पुढे फोनवर दोनदा तेच. तिसऱ्यांदा मोठी आई हळूच म्हणाली, "यांनी तोड काढली. मांडवात सगळ्या माणसांले फेटे बांधायचे. तुयं बी झाकून जाईल, कोणाले समजणार नाही."

त्या रात्री मी पत्र लिहिलं आणि सकाळी टाकलं. लग्नाच्या दिवशी दाराशी फेटेवाला बसला होता. माझी पाळी आली, त्यानं कापड उचललं. मागे उभे असलेले मोठे बाबा म्हणाले, "त्याले राहू दे. तो नाही बांधत." वराकडचे एक काका पुढे आले, "यांच्याकडे काही झालं काय?"

"काही नाही झालं," मोठे बाबा म्हणाले. "चाई आहे त्याले. काम लय होतं. तुमची जेवणं झाली काय?"

माझ्याशी मात्र ते दिवसभर बोलले नाहीत. कान मीच पिळला, जोरात. आता दोन चकत्यांवर पांढरी लव आली आहे, बाकीच्या तशाच आहेत. मी डोकं अजून भादरतो.

पत्र हे होतं.

मोठे बाबा,

पाया पडतो. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहितो. चुकलं असेल तर पुन्हा वाचा, पण पुरतं वाचा.

तुम्ही फेटे सांगितल्याचं मोठ्या आईकडून कळलं. ते कोणासाठी आहेत हेही कळलं. मी फेटा बांधणार नाही. पॅच लावणार नाही, टोपी घालणार नाही. मी अनेक महिने हे डोकं लपवत फिरलो. आजारापेक्षा त्या लपवण्यानं जास्त खाल्लं मला. फेटा बांधला तर मी लग्नभर तो सांभाळत बसेन. बहिणीकडे बघायचं राहून जाईल.

बाप असताना पोरगा डोकं भादरत नाही, असं तुम्ही म्हणालात. तुम्ही मला पहिल्यांदा शाळेत घेऊन गेलात तेव्हा आपल्या दोघांचीही डोकी भादरलेली होती. गुरुजींनी विचारलं, कोण गेलं? तुम्ही म्हणालात, "याचा एक बाप गेला, एक आहे. नाव लिहा." मला आता रोज कोणीतरी विचारतं. मी सांगतो, कोणी गेलं नाही, बाप अभनपूरला आहे, चांगला आहे, माझ्यावर रागावला आहे.

तुम्ही शिकवलं म्हणून मी ऑफिसात बसलो. तिथे साहेबांपुढे मान वर करून बोललो, तेही तुमचंच. तुमच्यापुढे तसं बोलायला मला जड जातं. तरी बोलतो.

पाहुण्यांनी विचारलं तर खरं सांगा. सांगायला लाज वाटत असेल तर मला बोलवा, मी सांगतो. कान पिळायला दुसरा कोणी उभा करायचा असेल तर करा, मला राग येणार नाही. मी पंगतीत वाढीन. पण वाढीन तेही उघड्या डोक्यानं.

हळदीच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या बसनं येतो. फेटेवाल्याला एक फेटा कमी सांगा.

तुमचा मुलगा