गुडघ्याएवढ्या उंचीवरून

"काका, मला आत सोडतील ना?" जर्सी सिटीहून निघताना मी दुसऱ्यांदा विचारलं. २००४चा सप्टेंबर होता. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला तीनच वर्षं झाली होती, म्हणून सकाळी मी मुद्दाम गुळगुळीत दाढी केली होती.

"रिलॅक्स रे! हौशी म्हातारे पहिल्या महायुद्धाचे खंदक खणून दाखवतात, लोक तिकीट काढून बघतात. तू स्टुडंट आहेस, घाबरतोस काय?" जोशीकाका म्हणाले. ते निवृत्त डॉक्टर, तीस वर्षं इथेच.

मला मात्र एका गोष्टीचा उलगडा हवा होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात दसऱ्याला मारुतीपुढे शस्त्रपूजा होते, तेव्हा त्या युद्धावर गेलेल्यांची नावं मोठ्याने घेतात. माझ्या पणजोबांचं घेत नाहीत. ते फ्रान्समध्ये मेले, पण परत आलेल्या धोंडिबाने गावात सांगितलं, "तो पुढे गेलाच नाही. आडवा पडून राहिला." आमच्या घराला अजून 'आडव्याचं घर' म्हणतात. कॉलेजात गेलेला त्या घरातला मी पहिला.

पेनसिल्व्हेनियात मक्याच्या शेतांमागे ते मैदान होतं. फाटकावरच्या माणसाने नेमकी माझीच पिशवी उघडायला लावली. आत काकूंची थालीपीठं.

"हे काय?"

"लंच," मी म्हणालो. त्याने वास घेतला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. काकांची पिशवी त्याने बघितलीही नाही.

खंदकात घोट्यापर्यंत चिखल. बंकरच्या (मातीखालच्या खोलीच्या) तोंडाशी तिवईवर मशीनगन होती. समोर आलेल्या शस्त्राला हात लावून तो कपाळाला लावायची आमच्याकडची सवय; माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे!" जुन्या गणवेशातला एक म्हातारा ओरडला. सगळे माझ्याकडे वळले.

काका त्याला आधीपासून ओळखत होते. त्यांनी हसत सांगितलं, "वॉल्ट, तो नमस्कार करतोय. त्याचे पणजोबा या युद्धात होते."

वॉल्टचा चेहरा निवळला, पण तो माझ्या आणि मशीनगनच्या मधून हलला नाही. चाचरत मी त्याला धोंडिबाचं वाक्य सांगितलं.

"ही गन माणसावर नेम धरत नाही," तो म्हणाला. "बाजूला लपवायची, गुडघ्याएवढ्या उंचीवर रोखायची आणि हाताने टपली मारत थोडी थोडी सरकवायची. उभी रांगच्या रांग कापली जाते. आडवा झालेला कदाचित अंधार पडेपर्यंत जगतो. धैर्याचा संबंध येतो कुठे?"

"पण पणजोबा आडवे होते, हे मागून दिसलं असेल?" मी विचारलं.

"धुरात? चिखलात? तुझ्या त्या साक्षीदाराचं डोकं कुठे होतं, ते विचार."

परतताना काका बोलत होते. माझं लक्ष नव्हतं. वॉल्टवर तरी का विश्वास ठेवायचा? तोही तिथे नव्हताच. पण धोंडिबा शेजारी आडवा असल्याशिवाय त्याला ते दिसलं कसं, हा प्रश्न काही हटेना. आणि त्याचं नाव दरवर्षी पहिलं घेतात.

घरी पोचताच गावी फोन लावला. तिकडे पहाट झाली होती. बापाचं तोंडही न पाहिलेले माझे आजोबा नव्वदीला टेकलेत. सगळं सांगून मी म्हणालो, "आबा, नक्की नाही, पण धोंडिबाही आडवाच असणार. त्याचं नाव काढायला लावायचं?"



"वाचला ते बरं झालं की," आबा म्हणाले. "न्हाईतर बापाचं एवढंबी कुणी सांगितलं नसतं. तुझ्या बापाला म्हणावं, यंदा दसऱ्याला मला धरून मारुतीपुढं ने. दोघांची नावं मीच घेतो."