कौलांच्या कारखान्यातली बाई

आमच्या खाडीकाठच्या बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई फिरते, ही गोष्ट मी रचली. विशीत असताना, स्वतःची चूक झाकण्यासाठी रचली, आणि पुढे कित्येक वर्षे ती खरी असल्यासारखा गप्प राहिलो.

आज त्या कारखान्याच्या पलीकडे रबाळ्याच्या कंपन्यांच्या शेड आहेत आणि अलीकडे ऐरोलीच्या सोसायट्या. मधे एक धुरांडे, अर्धी भट्टी आणि छप्पर नसलेली लांबलचक पडवी उरली आहे. सोसायट्यांतली तरुण मुले ती पाहायला येतात, हिरव्या लुगड्याची गोष्ट एकमेकांना सांगतात. माझा पुतण्या म्हणतो, "काका, कशाला टेन्शन घेता? भूत आहे म्हणून तरी कोणी तिकडे बघतं." भावकीतल्या वडीलधाऱ्यांनाही हे उकरून काढणे पसंत नाही. मी त्यांचा मान राखतो, पण त्यांचे ऐकणार नाही. ही गोष्ट एका जिवंत बाईच्या गळ्यात पडली होती. ज्याने ती पाडली, त्याने ती कागदावरही सोडवलीच पाहिजे.

खाडी गाळाने भरली, मोठे मचवे धक्क्याला लागेनासे झाले आणि कारखाना बंद पडला, असे म्हातारे सांगत. तो माझ्या जन्माआधीचा काळ. बंद पडलेल्या वास्तूला गोष्टी आपोआप चिकटतात. भट्टीत कोणी कामगार जळाला होता म्हणे. अवसेला धुरांड्यातून धूर निघतो म्हणे. पण या भुतांना कोणी घाबरत नसे. गाव तिथे खुशाल पेंढा साठवी, आणि कारकुनाच्या जुन्या खोलीत माझी चुलत आत्या राहत असे. ती विधवा होती. स्वतःचे घर एका पावसाळ्यात बसल्यावर ती तिथे राहायला आली होती.

आत्या गावाची धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. ती धवले म्हणते, म्हणजे वराच्या घरातल्या पूर्वजांना आणि देवांना नावाने हाक मारून मांडवात बोलावते. ते झाल्याशिवाय अंगाला लागलेली हळद लागली असे कोणी मानत नाही. आत्या एक पाय लांब करून बसे, समोर एक कौल उपडे ठेवी आणि त्यावर तळहाताने ठेका धरी. आवाज जाडाभरडा होता, पण तो सुरू झाला की मांडवातल्या बायका कुजबुज थांबवत.

आता माझी चूक सांगतो. आमची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खोल. बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा, आणि बांधातल्या उघाडीची फळी ओहोटीला वर उचलून पावसाचे पाणी सोडायचे, भरती चढण्याआधी ती पुन्हा खाली टाकायची. हे काम घराघराने पाळीपाळीने करायचे. भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमच्या घराची पाळी होती. भात निसवले होते. सकाळी मी फळी उचलली आणि थोडा वेळ म्हणून कारखान्याच्या पडवीत पेंढ्यावर आडवा झालो. मी मॅट्रिक झालेला. उघाडी राखणे हे काम मला थोडे कमीपणाचे वाटे, हेही कबूल केले पाहिजे. जाग आली तेव्हा दुपारचे उधाण बांधाच्या आत होते आणि भाताच्या लोंब्या खाऱ्या पाण्यावर तरंगत होत्या.

लोक धावत आले. फळी कोणी उचलून ठेवली, असे वडिलांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. बुडालेली शेते निम्म्या गावाची होती. मी म्हणालो, फळी मी टाकली होती. हिरव्या लुगड्यातली एक बाई आली, तिने ती उचलली आणि कारखान्यात शिरली. तिला पाय नव्हते, असेही मी जोडले. ते जोडण्याची काहीच गरज नव्हती.

मला वाटले, दोष भुतावर जाईल आणि भूत कोणाचे काय देणे लागते? पण गावाने भगताला बसवले. भगत म्हणाला, "बाई आपसुक नाय उठत. कोनीतरी उठवतं." मग कारखान्यात राहते कोण, एवढाच प्रश्न उरला. मी तिथेच, वडिलांच्या मागे उभा होतो. तोंड उघडले असते तर त्या क्षणी सारे मिटले असते.

गावकीने आत्याला खोली सोडायला सांगितले. ती उंबऱ्यात मासळी निवडत बसली होती. हातातले काम तिने थांबवले नाही.

"मी नाय जात," ती म्हणाली.

"अगो, तिथं भूत हाय," पंचांपैकी एक म्हणाला.

"मंग त्यालाच सांगा ना जायाला. मी आदी आलेय."

"तूच पोसतेस त्याला, असं गाव बोलतंय."

"मना दोन येलची भाकर नाय पुरत, आनि मी भूत पोसतेय? काय खातो तो, ते तरी सांगा. उद्या रांधून ठेवीन."

लोक परत फिरले. तिला हाकलण्याचे धैर्य कोणाला झाले नाही, पण त्या वर्षापासून तिला लग्नात बोलावणे बंद झाले. शेजारच्या गावाची धवलारीण येऊ लागली. आत्यासाठी हा घाव लग्नातली भाकरी तुटण्यापेक्षा खोल होता. तरीही ती दबली नाही. गावात लग्न असले की त्या दिवशी ती भट्टीच्या ओट्यावर बसे, कौल उपडे ठेवी, आणि त्या घराचा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणे. मोकळ्या पडवीत तो आवाज घुमून खाडीपर्यंत जाई. मचव्यावरचे लोक सांगू लागले की कारखान्यात भुतांची लग्ने लागतात. तिच्या कानावर ते गेले तेव्हा ती मला म्हणाली, "भुताचा गला बरा हाय, असं तरी बोलतान क नाय?" आणि हसली. मी हसलो नाही, आणि बोललोही नाही.

साठच्या दशकाच्या मध्यावर माझे लग्न ठरले. हळदीच्या दुपारी मी पाटावर बसलो होतो. बाहेरून आणलेली धवलारीण दम घ्यायला थांबली, आणि त्या शांततेत कारखान्याकडून ठेका ऐकू आला. आत्या माझ्या आजोबांना हाक मारत होती, मग पणजोबांना, मग माझे नाव घेऊन त्यांना सांगत होती की पोराची हळद आहे, या. आई म्हणाली, "तिकडं ध्यान देऊ नको."

आमच्यात हळद लागलेल्या मुलाने मांडव सोडायचा नसतो. भुते हळदीच्या वासाला येतात, म्हणून त्याच्या हाती लोखंड देतात. मी हातातली सुरी पाटावर ठेवली आणि उठलो. आईने उपरण्याचे टोक धरले. ते तिच्या हातात राहिले. मी ओल्या हळदीने बांधावरून निघालो. मागून वडील, मामा, वऱ्हाडाच्या बायका, पंच, सगळे हाका मारत येत होते. पडवीच्या कडेला ते थबकले. मी आत गेलो.

आत्याने गाणे थांबवले, पण हात कौलावरच राहिला.

"हलदीचा पोर हितं कनाला आला? जा मागं. भूत लागंल."

"भूत नाय हितं," मी म्हणालो. जन्मभर मी हळू बोलत आलो आहे. त्या दिवशी मी वळून पडवीबाहेरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे बोललो. "कधीच नव्हतं. उघाडीची फळी मीच टाकली नाय. मी हितं पेंढ्यान झोपलो व्हतो. हिरवी बाई मी बनवली, मार चुकवायला. तुमी तिचा दोस आत्यावर टाकला, आनि मी बगत रायलो. माझी हलद हिच्या धवल्याबिगर लागनार नाय. ज्याला हे पटत नाय, त्यानं लग्नाला थांबू नये."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"आत्या, तुझा मांडव मी तोडला. येवडी वरसं मना ठावं व्हतं, आनि मी बोललो नाय. मी चुकलो. मना माफ कर."