कुमुदताईंनी न केलेली सही

माझी नोकरी पक्की व्हायची होती, तेव्हा जिने कागदावर सही केली नाही ती बाई आज सकाळी गेली.

आणि सकाळपासून मी रडतोय.

कुमुदताई. कॉलेजात सगळ्यांच्या कुमुद मॅडम. गंगेकाठी मंगला गौरीच्या देवळापाशी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या, म्हणून माझ्या ताई.

कॉलेजात त्या माझ्याशी हिंदीतच बोलायच्या. मराठी फक्त रागवायला राखून ठेवलेली. बाकी हिंदी स्टाफला कळू नये म्हणून.

ताईंचं काम होतं, कोण काय शिकवतंय यावर लक्ष ठेवणं.

जुलैत प्रत्येकाने टीचिंग प्लॅन द्यायचा. कुठल्या आठवड्यात कुठलं युनिट. मग रोज डायरीत लिहायचं, आज वर्गात काय झालं. जानेवारीत डायरी ताईंकडे. त्यांची सही झाली की कोर्स झाला असं धरायचं.

पण ताई डायरी बघून सही करत नसत.

डायरी बगलेत मारून त्या थेट वर्गात जायच्या, मागच्या बाकावरच्या मुलीची वही मागून घ्यायच्या आणि तारखा जुळवायच्या. सगळ्यांसमोर. म्हणून पुष्कळांच्या डोळ्यांत खुपायच्या.

मला हे सगळं माहीत होतं. तरी मी शहाणपणा केलाच.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी सांख्यिकी शिकवायचो. माझा प्रोबेशनचा शेवटचा महिना, पक्कं व्हायला ताईंची सही हवी. डायरी सहा महिन्यांपासून कोरी. एका रविवारी बसलो आणि प्लॅन समोर ठेवून सगळी डायरी उतरवून काढली. चौथं युनिट शिकवलंच नव्हतं. तेही लिहून टाकलं, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

त्या आठवड्यात गंगा चढली होती. पाणी गल्ल्यांत आलं होतं आणि कॉलेजला कुलूप होतं.

ताईंनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. मी समजलो, आता मराठी.

"दिनू, हे युनिट तू नावेवर बसून शिकवलंस का रे?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मी खूप विनवण्या केल्या. घरी आईने पेढे सांगून ठेवलेत म्हणालो. प्रिन्सिपलसाहेबांनीही दोनदा निरोप धाडला, की तपासणीची टीम येणार आहे, फाइल पूरी पाहिजे, करून टाका. ताईंनी त्यांनाही नाही म्हटलं.

मला एवढंच म्हणाल्या, "तुझं काम सहा महिने थांबेल. ह्या पोरींचं अख्खं साल जाईल. सांग, कुणाचं थांबवू?"

मी डायरी उचलून निघालो. राग होता. भरपूर.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला जादा वर्ग लागला. माघातली थंडी, बाहेर धुकं, मुली शाली गुंडाळून बसलेल्या. आणि शेवटच्या बाकावर ताई.

रोज. तीन आठवडे. गुडघे दुखत असताना गल्ल्या तुडवत यायच्या.

मला वाटायचं, पहारा द्यायला येतात. एकदा एक मुलगी गणितात अडकली, तेव्हा मागे वळून पाहिलं तर ताई तिच्याशेजारी सरकून, तिच्या वहीत तक्ता आखून देत होत्या. त्यांचा विषय इतिहास. माझं लेक्चर ऐकून, स्वतः शिकून, तिला सांगत होत्या.

मी फळ्याकडे वळलो.

कोर्स झाला. मुली परीक्षेला बसल्या, पास होऊन निघाल्या. मी सहा महिन्यांनी पक्का झालो. ताईंना पेढे द्यायला गेलो नाही. आई एकटी जाऊन आली.

पुढे कित्येक वर्षं चहाच्या टपरीवर हा किस्सा रंगवून सांगायचो. त्यात ताईंची नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे.

आज लाज वाटते.

आता ताईंच्या खुर्चीत मी बसतो. वही-डायरी राहिली नाही, सगळं पोर्टलवर. मास्तर लोक प्लॅन चढवतात, युनिटसमोर टिक करतात आणि मी एका बैठकीत सगळ्यांचं अप्रूव्ह करतो. चहा गार व्हायच्या आत.

गेल्या महिन्यात ताईंना भेटायला गेलो. खाटेवर अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. भाची उशाशी बसून होती. तिने माझं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं.

हात धरला. म्हणाल्या, "माझं काम आता तुझ्याकडे आहे म्हणे."

मी हो म्हणालो.

"पोरींच्या कापी बघतोस ना?"

"बघतो, ताई."

"मग झालं." आणि डोळे मिटले. चेहरा इतका निवांत मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

खुर्चीत बसल्यापासून मी एकाही मुलीची वही उघडलेली नाही.

जन्मभर या बाईने वही बघितल्याशिवाय कुणाचा शब्द मानला नाही. प्रिन्सिपलचा नाही, माझा तर नाहीच. त्या दिवशी मानला.

दुपारी घाटावर सगळे होते. मी काही बोलू शकलो नाही, म्हणून इथे लिहितोय.

ताई, मी बघत नाही.

मनापासून श्रद्धांजली. आणि माफी.