न विचारता काढलेला नॉब

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे की आजीच्या जीपच्या स्टेअरिंगवर एक धोकादायक वस्तू होती, तिच्यामुळे त्यांचा हात सुजला, म्हणून त्यांनी ती काढून टाकली. व्हिडिओ कॉलवर हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं. धाकटीने तर "आजी, नाऊ यू आर सेफ" म्हणून मला लांबूनच पापा दिला. मी गप्प राहिले, कारण राग आलेला असताना मुलांशी बोलू नये हा मी शाळेत शिकवायचे तेव्हापासूनचा माझा नियम आहे. त्याला तीन आठवडे झाले. राग होता तिथेच आहे, तेव्हा आता लिहूनच काढते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही.

आधी ती वस्तू काय, ते समजून घ्या. स्टेअरिंगच्या कडेवर पट्टीने आवळून बसवलेली, चेंडूपेक्षा थोडी लहान अशी गोल मूठ. ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे एका हाताने तिला धरून सबंध स्टेअरिंग गरागरा वळवता येतं. ट्रॅक्टरवाले लावतात. सगळे तिला नॉबच म्हणतात. तुमच्या आजोबांनी घेतलेल्या या जुन्या जीपला पॉवर स्टेअरिंग नाही. उभ्या जागी चाकं वळवायची तर जातं ओढल्यासारखं दोन्ही हातांनी ओढावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मी मागच्या अंगणात शेवाळावरून घसरले आणि डावा खांदा मोडला. हाड जुळलं, पण तो हात छातीच्या वर जात नाही. गिअर खाली असतो, तो टाकता येतो. स्टेअरिंग ओढता येत नाही. सहा महिने जीप पडवीला उभी होती आणि मी दुसऱ्यांच्या सवडीने जगले. खालापूरला तहसील कचेरीत जायचं तर कोणाचा मुलगा मोकळा आहे ते बघा. कर्जतला दवाखान्यात जायचं तर कोणाची मोटारसायकल जाते आहे ते बघा. सगळ्यात वाईट म्हणजे कळंब. तिथे माझी थोरली नणंद एकटी राहते. तिला आता दिसत नाही. दर रविवारी मी जाऊन तिला आठवड्याचे पेपर वाचून दाखवते, आणि ती प्रत्येक बातमीवर मंत्र्यांपासून हवामान खात्यापर्यंत सगळ्यांना शिव्या घालते. आमच्या घरून कळंबला जायला तीन वाहनं बदलावी लागतात. पोहोचेपर्यंत दुपार होते आणि चहा संपायच्या आत परतीची गाडी धरावी लागते. त्या सहा महिन्यांत मी दोनदाच जाऊ शकले.

नॉबची कल्पना कुंभिवलीच्या गॅरेजवाल्याची. सातवीत मी त्याला शिकवलं आहे. हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. त्याने नॉब आणला, बसवला आणि भात कापून मोकळ्या झालेल्या आमच्या शेतात मला चौदा दिवस शिकवलं.

"बाई, ह्याला आवळून धरायचा नाय. निस्ता तळहात ठेवायचा. वळण झालं का सोडून द्यायचा. सरळ रस्त्याला ह्याला हातच लावायचा नाय."

"का?"

"चाक दगडावर गेलं का स्टेअरिंग उलटं फिरतं. तवा नॉब धरलेला असला तर मनगट गेलंच समजा. चला, पुन्हा. चुकलं. पुन्हा."

त्याला मी सातवीत जितक्या वेळा "पुन्हा" म्हटलं असेल, तितक्या वेळा त्याने मला म्हटलं. त्याचं सगळं मी वहीत लिहून घेतलं आणि माझेही नियम खाली घातले. एक्सप्रेसवे नाही, घाट नाही, अंधार पडल्यावर नाही. पुढे दीड वर्ष मी कळंबला एकही रविवार चुकवला नाही आणि गाडीला एक ओरखडा आला नाही.

मे महिन्यात तुमचे बाबा एकटेच पंधरा दिवसांसाठी आले. त्यांनी जीपची किल्ली घेतली तेव्हा मी दारातून सांगितलं, "नॉब फक्त वळणाला धर हं."

"आई, मी वीस वर्षं गाडी चालवतोय."

चालवत असेल. तिकडची गाडी, एका बोटाने वळणारी. आमच्या कच्च्या रस्त्यावर साहेब बॅट धरावी तसा नॉब मुठीत आवळून निघाले. पुढचं चाक दगडावर गेलं, स्टेअरिंगने फटका दिला, मनगट सुजलं आणि जीपचं एक चाक गटारात उतरलं. मी बर्फ लावला. "सांगितलं होतं" हे शब्द मी गिळले, याची नोंद घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी तो "टायरमध्ये हवा भरून आणतो" म्हणून जीप घेऊन गेला. तो परत गेला आणि रविवारी सकाळी पेपरांची पिशवी घेऊन मी गाडीत बसले. स्टेअरिंगवर नवं कोरं मऊ कव्हर घातलेलं होतं. मला आधी बरंच वाटलं. लेकाने आठवणीने आणलं म्हणायचं. किल्ली फिरवली, फाटकाजवळ वळायला उजवा हात नेहमीच्या जागी नेला, तर तिथे काहीच नाही. कव्हर सोडवून पाहिलं. पट्टीचे ओरखडे तेवढे राहिले होते. तेच झाकायला ते कव्हर.

मी जीप तिथेच बंद केली. त्याच्याकडे तेव्हा रात्र होती, म्हणून सबंध दिवस त्याच्या सकाळची वाट पाहिली.

"आई, तू ऐकली नसतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस?"

"तुला काही झालं तर मी इथून काय करणार, सांग ना?"

"मला काही झालेलं नाही. झालं ते तुला. तुझं मनगट सुजलं आणि माझी गाडी बंद."

"टॅक्सी करत जा ना, मी बुक करून देत जाईन."

म्हणजे मी कळंबला कधी जायचं हे तुमचे बाबा साता समुद्रापलीकडून फोनवर ठरवणार. मी फोन ठेवून दिला.

तुम्ही म्हणाल, बाबांना काळजी होती. होतीच. काळजी मला कळते. आजोबांची नजर अधू झाली तेव्हा त्यांची स्कूटर मीच बंद केली. पण मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आजपासून तुम्ही स्कूटर चालवायची नाही." ते तीन दिवस भांडले. ताटावरून उठले. मला नाही नाही ते बोलले आणि मी ते ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः किल्ली आणून माझ्या हातात दिली. माझ्याशीही तसं कोणी भांडायला हवं होतं. कदाचित मी हरले असते. पण मी झोपलेली असताना खिसा कापावा तसा नॉब काढायचा आणि वर कव्हर घालायचं, ही काळजी नव्हे.

दुसऱ्या दिवशी टमटममध्ये कोंबून घेऊन मी कुंभिवलीला उतरले. माझा विद्यार्थी गाडीखालून बाहेर आला.

"बाई, तुमी? गाडी नाय आनली?"

"आणता आली असती तर इथे कशाला आले असते? नॉब कोणी काढला?"

"मी. दादा बोलले, काढ. मी काढला."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"नॉब कोणी बसवून घेतला?"

"तुमी."

"मग काढताना कोणाला विचारायचं?"

तो हात पुसत राहिला. शेजारच्या टपरीवरून चहावाला ओरडला, "उत्तर दे रं, नायतर बाकावर उभं करतील!"

"दादा बोलले, आईला सांगू नको, ती टेन्शन घेते," तो पुटपुटला. "बाई, बसा. चाय घ्या."

"चहा नको. नॉब कुठे आहे?"

त्याची नजर त्याच्याच टेंपोकडे गेली. मी जाऊन काचेतून पाहिलं. माझा नॉब तिथे झकास बसवलेला होता.

"चांगली वस्तू, बाई. पडून कशाला ऱ्हावी?"

"काढ. आत्ता. आणि माझ्या घरी येऊन बसव."

त्याने पाना हातात घेतला आणि मग जे बोलला त्याने माझ्या अंगाची आग झाली. "एकदा दादांना इचारू का?"

सत्तरीला आलेली बाई समोर उभी आहे, तिच्या गाडीचं काम आहे, आणि परवानगी सातासमुद्रापार मागायची! मी म्हटलं, "विचार. पण आधी मला विचार, 'बाई, दादांना विचारायला तुमची हरकत आहे का?'"

"बाई, तुमची हरकत हाय का?"

"आहे."

चहावाला इतका हसला की त्याच्या हातातला ग्लास सांडला. गॅरेजवालाही हसला आणि पाना फिरवायला लागला. टेंपोत शेजारी बसवून त्याने मला घरी आणलं आणि नॉब लावून दिला. ते मऊ कव्हर मी त्यालाच देऊन टाकलं.

पुढच्या रविवारी मी कळंबला गेले. नणंद ओट्यावर बसली होती. माझी हाक ऐकून म्हणाली, "वैनी, मला वाटलं माझ्यावर रुसलीस का काय गं तू." मी काय सांगणार? तिच्या भाच्याने काय केलं ते सांगितलं. तिने मंत्र्यांच्या आधी त्याला घेतलं. ते शब्द मी इथे लिहीत नाही.

आता तुमच्या बाबांचा मेसेज आला आहे की जीपला पॉवर स्टेअरिंग बसवून देतो. मी गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणतो, जुन्या जीपला बसवतात, हलकं होईल, मग नॉब लागणारही नाही. सूचना उत्तम आहे, आणि सगळ्यात जास्त राग मला तिचाच आला. पंधरा दिवस हा मुलगा माझ्यासमोर बसून जेवत होता. हे एक वाक्य तेव्हा त्याच्या तोंडून निघालं नाही.

मी कळवलं की बसव, पण काम माझ्यासमोर होईल आणि माझ्या सांगण्याशिवाय एक स्क्रू सैल करायचा नाही. त्यावर "ओके" आलं. ओके म्हणजे माफी नव्हे. माफी येईपर्यंत, दर रविवारी करायचे तो कळंबला पोहोचल्याचा फोन मी त्याला करणार नाही. काळजी वाटली तर त्याने फोन करावा आणि मला विचारावं.