तीन बोटांची सोय

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही — बायकोपुढे नाही, मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सोबत बसणाऱ्या मित्रांपुढे तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर एव्हाना मी तुम्हालाही काहीतरी शिकवायला बसलो असतो.

तो माझा धंदाच आहे. रत्नागिरीतल्या काही कचेऱ्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, आणि ते वापरणाऱ्यांना मनातल्या मनात तुच्छ लेखत आलोय. मनातल्या मनात म्हणतो खरा, पण चेहऱ्यावर दिसत असणारच. पडद्यावर धडधडीत मराठीत लिहिलेलं न वाचता "काहीतरी आलंय बघा" म्हणून फोन करणारी ही माणसं. प्लग न लावता मशीन मेलं म्हणणारी. त्यांच्याबद्दल काय आदर बाळगायचा?

त्यातलेच एक अण्णा. त्यांचा छापखाना आहे — लग्नपत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे अहवाल. मी त्यांच्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं तेव्हा ते फुकट असतं एवढं एकच अण्णांना कळलं, आणि लगेच पटलं.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल. घाबरू नका, तुम्हाला कळेल — बघा, सवय जात नाही. लिनक्समध्ये एक सोय असते. कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस ही तीन बटणं एकदम दाबली की समोरचं सगळं बंद होतं. जे साठवलं नाही ते गेलं. मशीन पुन्हा नाव-पासवर्ड विचारत कोरं उभं. "नक्की ना?" असंही विचारत नाही. हल्ली बहुतेक ठिकाणी ही सोय मुळातच बंद ठेवलेली असते. मी मात्र अण्णांच्या सगळ्या मशीनवर ती मुद्दाम चालू केली होती. का? कारण एखादं मशीन अडकलं की मी जायचो, खुर्चीत न बसता उभ्या-उभ्या तीन बोटं टेकवायचो, आणि आजूबाजूचे तोंडात बोट घालून बघायचे. मला ते आवडायचं. दुसरं कारण नाही.

आणि मराठीतून इंग्रजीत जायचं तर कंट्रोल-आल्ट धरून स्पेस दाबायचं, हेही मीच ठरवलेलं. दोन्ही सोयी एकमेकींना खेटून ठेवल्या. त्यांची कधी टक्कर होईल हे सुचलं नाही — मला, सगळ्या गावाची अक्कल काढणाऱ्याला.

मग सुलभा आली. संगमेश्वरकडची. नवरा मुंबईला, मुलगी गावी सासूकडे. हे काम पक्कं झालं की मुलीला रत्नागिरीच्या शाळेत घालायची, हे तिने आल्या-आल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. भाड्याची खोलीही बघून ठेवली होती. मला दादा म्हणायची. हात जलद होता तिचा. हे तेव्हा मी कुणाजवळ बोललो नाही.

अण्णांनी तिला एका गावच्या मंडळाची स्मरणिका दिली. तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हाला ठाऊक असेल हा प्रकार — देवळाला मदत करणाऱ्या चाकरमान्यांची नावं मराठीत, पण हुद्दा आणि मुंबईचा पत्ता मात्र इंग्रजीतच हवा. गावाला कळलं पाहिजे ना साहेब कुठे राहतात ते! म्हणजे प्रत्येक नावामागे भाषा बदला, पुन्हा बदला. बाकीच्यांचं सगळं काम मराठीतच असायचं. असलं दुभाषी काम फक्त सुलभाकडे.

आणि तिचं मशीन बंद पडायला लागलं. मजकूर जायचा. ती पुन्हा टाइप करायची, पुन्हा जायचा. "दादा, मी कायएक केलं नाय," ती म्हणायची. "लिवलेलं सगळं खाल्लंन ह्यानं."

मी हसलो. सगळ्यांसमोर. म्हटलं, मशीन कधी आपोआप काही करत नाही. माणूस करतो आणि मग नाही म्हणतो. वर "नाचता येईना, अंगण वाकडं" हेही ऐकवलं. सगळे हसले. अण्णांना ते फार आवडलं. स्मरणिका रखडली होती आणि त्यांना दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. बाई काम करत नाही आणि मशीनवर ढकलते, असं त्यांचं मत बनायला लागलं. खरं सांगायचं तर मीच ते बनवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यामागे उभा राहून बघितलं. तिने इंग्रजी पत्ता संपवला, कंट्रोल-आल्ट धरून स्पेस दाबलं, तेवढ्यात पत्त्यातलं शेवटचं अक्षर चुकलेलं दिसलं, ते खोडायला उजवा हात बॅकस्पेसवर गेला — आणि डावी बोटं अजून कंट्रोल-आल्टवरच होती. पडदा गेला.

मला त्या क्षणी कळलं. सगळं कळलं. एक वाक्य बोलायचं होतं — सुलभा, चूक तुझी नाही, माझी आहे. किती वेळ लागला असता? पण आदल्याच दिवशी मी हसलो होतो ना. आता त्या हसणाऱ्यांना सांगू, की अंगण मीच वाकडं केलं होतं? मी म्हणालो, "बघतो," आणि घरी गेलो.

सकाळी तिची एसटी यायच्या आत मी छापखान्यात पोचलो आणि ती सोय सगळ्या मशीनवर बंद करून टाकली. एका ओळीचं काम. मग अण्णांना म्हटलं, आज तिला तुमच्या समोर बसवा, बघू मशीन बंद पडतं का.

ती दिवसभर अण्णांसमोर टाइप करत होती. बोटं तशीच पडत होती, तीच चूक, पुन्हा पुन्हा — मी मोजत नव्हतो, पण बघत होतो. मशीन हललं नाही. आणि तिला आनंद झाला हो. तिला वाटलं, सुटले. "दादांनी बघितलंनी म्हणून बरं झालं," असं ती स्वतःच अण्णांना म्हणाली. आपण आपल्याच विरुद्ध साक्ष देतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "काय रे, काय दुरुस्त केलंस काय तू?"

"मी कशालाही हात लावला नाही," मी म्हणालो.

हे ते वाक्य. बाकीचा आळस म्हणा, मिजास म्हणा, काहीही म्हणा. पण हे वाक्य मी विचार करून बोललो. "हो" म्हटलं असतं तर तिचं काम राहिलं असतं. मला ते माहीत होतं, आणि मी नाही म्हटलं.

समोर बसवलं की मशीन चालतं, म्हणजे बाईच खोटी, असं धरून अण्णांनी तिला संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती माझ्याकडे बघत होती — मी काहीतरी बोलेन म्हणून. मी एका मशीनची वायर गुंडाळत बसलो. गरज नव्हती गुंडाळायची. ती गेल्यावर छापखान्यातलं एकही मशीन पुन्हा तसं बंद पडलं नाही, आणि त्याचा अर्थ जो व्हायचा तोच सगळ्यांनी लावला. अण्णा अजून नवीन माणसाला तिची गोष्ट सांगतात. मी तिथेच असतो. चहा पीत असतो.

मग बऱ्याच वर्षांनी, मागच्या पावसाळ्यानंतर, ती मला एसटी स्टँडवर भेटली. सोबत मुलगी, उंच झालेली. गावातल्याच शाळेत शिकली. आता तिच्या कॉलेजचं काहीतरी ऑनलाइन भरायला दोघी आल्या होत्या, कुणाकडून तरी भरून घ्यायला. मला वाटलं, ही तोंड फिरवेल. तिने मुलीला पुढे केलं आणि म्हणाली, "हे दादा. ह्यांनी लय समजून घेतलंनी मला. माझंच कायतरी चुकायचं. तेव्हापासून मी हातच लावीत नाय ओ कॉम्प्युटरला. जमलं नाय मला ते."

कुणी हसणारं नव्हतं तिथे. अण्णा नव्हते. आम्ही तिघंच होतो.

मी म्हणालो, "असू दे. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

तिच्या मुलीसमोर म्हणालो.