डावीकडून येणारे घोडे

माझा दादा लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. मी नांदेडला राहते आणि रोज भोकरला जाऊन कॉलेजात इतिहास शिकवते. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि एकाच बाजूनं लढाईला निघतो. हे ऐकलं की स्टाफरूममधल्या बायका माझ्याकडं अशा बघतात की मी जणू गल्लीत पत्ते कुटत बसते. मी त्यांना समजावून सांगायचं कधीच सोडून दिलंय.

खेळ तसा सोपा आहे. जुन्या काळातलं एक राज्य घ्यायचं. गडी कामाला लावायचे, लाकूड तोडायचं, शेतं पेरायची, सोनं खणायचं, तट बांधायचा, फौज उभी करायची. समोरचा चालून यायच्या आत आपण त्याच्यावर जायचं. यात पाळी वगैरे भानगड नाही. तुम्ही विचार करत बसलात म्हणून समोरच्याचे घोडे थांबत नाहीत. खेळातल्या त्या गड्यांना दादा सालगडी म्हणतो आणि पोळ्याच्या दिवशी नांगराला हात लावू देत नाही. त्या दिवशी हरला तरी चालेल, पण शेत बंद. आमच्या वडिलांनी पोळ्याला कधी बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं नाही, तर मी कॉम्प्युटरवर का ठेवू, असं त्याचं म्हणणं.

या खेळाचा मराठी खेळाडूंचा एक गट इंटरनेटवर आहे. तिथं खेळण्यापेक्षा मतं मांडणं जास्त चालतं. कुणाला तोफा फार महाग वाटतात. कुणी म्हणतं नवे रंग लग्नाच्या मांडवासारखे झालेत, जुना खेळच बरा होता. मी एकदा लिहिलं की चारशे वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोन फौजा एकमेकींवर सोडता, निदान घोड्याची रिकीब तरी त्या काळची दाखवा. त्यावर उदगीरच्या एका पोरानं लिहिलं, "म्याडम, पेपर तपासायला बसलात का?" त्याला भरपूर अंगठे मिळाले. माझ्या मताला दोन. त्यातला एक दादाचा.

दादाच्या मताला मात्र तिथं वजन होतं. तो मोजकं लिहायचा, शिकवल्यासारखं लिहायचा, आणि तो तटावर हरलेला कुणी पाहिला नव्हता. म्हणून उन्हाळ्यात खेळाचं नवं अपडेट आल्यावर त्यानं जे लिहिलं, ते सगळ्यांनी मनावर घेतलं. त्यानं लिहिलं होतं की या अपडेटनंतर डावीकडून येणारी फौज आधी दिसतच नाही. उजवीकडचे लांबून दिसतात, डावीकडचे एकदम अंगावर येतात. हा खेळाचा दोष आहे, तो दुरुस्त करावा.

खाली मतांचा पाऊस पडला. "सर, बरोबर बोललात." "माझं पण हेच होऊन राहिलं." "डावीकडून लई बेक्कार मारतात." जो कुणी गेल्या आठवड्यात हरला होता, त्याला आपण डावीकडूनच हरल्याचं आठवायला लागलं. मला स्वतःला डावं-उजवं सारखंच दिसत होतं, पण मी तशी हरतेच दोन्हीकडून, त्यामुळं माझ्या दिसण्याला कोण विचारतंय म्हणून गप्प बसले. एकानं तेवढं विचारलं, "आंधळा हाय का बे?" अशा गटात हे वाक्य नमस्कारासारखं वापरतात. दादानं त्याला ब्लॉक केलं.

त्या रविवारपासून कानात दादाचं एकच वाक्य ऐकू यायला लागलं. "कुठून आले हे?" माझ्या पडद्यावर ते घोडे केव्हाचे दिसत असायचे, त्याच्या डावीकडच्या टेकडीवरून सावकाश उतरत. मी ओरडायचे, "दादा, डावीकडं बघ." तो म्हणायचा, "न्हाई ना दिसून राहिले, तेच तर सांगून राहिलो." मग त्याचे सालगडी शेतातच कापले जायचे. मला त्याची चीड यायची, कारण तो हरला की मीही हरायचे.

आषाढात मी लातूरला गेले होते. वहिनीनं ताटं वाढली. दादाला जवसाची चटणी लागते म्हणजे लागतेच. लहानपणी तो चटणीसाठी जेवण अडवून धरायचा. त्या दिवशी तो वरण-भात, भाजी, भाकरी सगळं खाऊन उठला आणि ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेली चटणी, लिंबू, काकडीची कोशिंबीर तशीच राहिली. वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बघितलं का ताई? महिना झाला असंच चालू हाय. चटणीला शिवत न्हाईत. मी काय केलंय म्हणून राग धरलाय, देव जाणे." मी तिला म्हटलं, पित्त झालं असेल, सांगत नसेल. तिनं चटणी परत डब्यात भरली.

दुसऱ्या दिवशी तो मला गाडीनं नांदेडला सोडायला निघाला. गाडीचा डावा आरसा तुटलेला होता. "एका ऑटोनं उडवला," तो म्हणाला. "डाळ मिलच्या गल्लीत. या ऑटोवाल्यांना अक्कल न्हाई." मी त्याच्या शेजारी, म्हणजे डाव्या हाताला बसले होते. अहमदपूर मागं पडल्यावर मी भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या आणि चार दाणे तळहातावर ठेवून हात त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतले नाहीत. मी हात तसाच धरून बसले. तो मजेत बोलत होता, खेळाबद्दलच, कंपनीला इतक्या लोकांनी लिहिलंय तर आता काहीतरी करतीलच म्हणून. शेवटी मी दाणे स्वतःच खाल्ले. मला वाटलं, नको असतील.

लोह्याच्या अलीकडं डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून एक मोटारसायकल वर आली. मागं दुधाचे कॅन, पुढं एक म्हातारा. तो चांगला दुरून येत होता आणि हॉर्नही वाजवत होता. दादानं वेग कमी केला नाही. मी किंचाळले तेव्हा त्यानं ब्रेक मारला. गाडी रस्त्यावर आडवी झाली आणि तो म्हातारा आमच्याकडं बघत, शिव्या देत निघून गेला.

दादा म्हणाला, "कुठून आला हा?"

हे वाक्य मी दर रविवारी कानात ऐकत होते. तरी त्या वेळी मी फक्त घाबरले, पुढचा विचार मला सुचला नाही. नांदेड येईपर्यंत आम्ही दोघंही त्या म्हाताऱ्याला नावं ठेवत राहिलो.

श्रावणात खेळाचं आणखी एक अपडेट आलं. तक्रारी फार झाल्या होत्या म्हणून कंपनीनं गजराची घंटा मोठी केली. शत्रू कुठूनही हद्दीत शिरला की ठणठण वाजायची आणि एक कळ दाबली की पडदा थेट त्या जागी जायचा. घोडे पडद्याच्या मधोमध. दादा परत जिंकायला लागला. गटात त्याचा जयजयकार झाला. "सरांमुळं झालं." ज्यांना डावीकडून दिसत नव्हतं त्या सगळ्यांना आता दिसायला लागलं. दादाचा आवाज पहिल्यासारखा झाला, रविवारी त्याचे विनोद परत सुरू झाले, आणि मीही जिंकत होते म्हणून खूश होते. भाऊबीजेला सगळ्यांना घेऊन स्वतः गाडी चालवत नांदेडला येतो, असं त्यानं जाहीर केलं.

तो आला. गाडीच्या डाव्या दारावर लांबलचक ओरखडा होता. मी विचारलं तर म्हणाला, "पार्किंगला लोक कशीबी गाडी लावतात." त्याची सात वर्षांची मुलगी पुढच्या सीटवरून उतरली. तिला पुढंच बसायचं असतं, डाव्या खिडकीशी.

ओवाळताना आमचा एक जुना खेळ आहे. ताट फिरवता फिरवता मी ते मध्येच थांबवते, आणि ओवाळणी वाढवल्याशिवाय हलवत नाही. दादा तेवढ्यात ताटातला पेढा पळवतो. पन्नाशीला आला तरी त्यानं हे सोडलेलं नाही. त्या दिवशी वहिनी मोबाइल घेऊन माझ्या मागं उभी होती. "इकडं बघा, हलू नका," ती म्हणाली. दादा हसून तिच्याकडं बघत राहिला. मी ताट फिरवलं आणि त्याच्या डाव्या गालाजवळ आणून थांबवलं. त्याचा हात पेढ्याकडं येईल म्हणून मी ताट घट्ट धरलं होतं.

हात आला नाही. तो तसाच हसत होता. मग म्हणाला, "झालं का? ताट ठेवलंस पण?"

निरांजन त्याच्या गालापासून वीतभर होतं. मी ते हलवलं नाही. मला वाटलं तो चेष्टा करतोय. थोड्या वेळानं त्यानं गालावरून हात फिरवला.

"हे गरम काय लागून राहिलं?"

वहिनी हसली, माझा नवरा हसला, फोटोही निघाला. मला हसू आलं नाही. मला चटणी दिसली. तो तुटलेला आरसा, माझ्या तळहातावरचे दाणे, दुधाचे कॅन घेऊन येणारा म्हातारा, आणि टेकडीवरून सावकाश उतरणारे घोडे. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "दादा, माझ्या नाकाकडं बघ. दुसरीकडं बघू नकोस."

"आता हे काय नवीन?"

"बघ म्हणते ना." मी माझा उजवा हात वर केला, म्हणजे त्याच्या डावीकडं. "बोटं किती?"

"हात तर वर कर आधी."

"आत्यानं केलाय की वर, बाबा," त्याची मुलगी म्हणाली.

दादानं आधी मुलीकडं बघितलं. मग हळूहळू मान डावीकडं वळवली, आणि माझा हात त्याला दिसला. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. गटात घालतो तसा, मुद्देसूद, अपडेटला दोष देत. त्यानं सुरुवातही केली, "उजेड कमी हाय..." आणि मध्येच थांबला.

"हिला मी रोज शाळेपुढं सोडतो," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "उतरून ती डावीकडनंच पळत जाते. मी लगेच गाडी काढतो."

दादानं खिशात हात घातला. ओवाळणी टाकायची राहिलीच होती. त्यानं गाडीची किल्ली काढली आणि निरांजनाशेजारी ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत. मग मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला मागं गाठ होती, हळूहळू वाढलेली. ती काढली. वाईट जातीची नाही असं सांगितलं, पण डावीकडचं जे गेलं ते परत आलं नाही. दादा आता एसटीनं येतो. ताटाला स्वतःच अर्धा फेरा देतो, मग चटणी खातो. गाडी माझ्याच दारात उभी होती, तिथूनच विकली.

रविवारी आम्ही खेळतो. डावी बाजू माझ्याकडं असते.

गटात त्यानं सगळं खरं लिहिलं. खेळात दोष नव्हता, दोष माझ्यात होता, ज्यांना ज्यांना डावीकडून दिसत नव्हतं त्यांनी एकदा तपासून घ्या. लोकांनी लिहिलं, कंपनीनं सरांना विकत घेतलं. त्याच्या जुन्या मताला अजून अंगठे मिळतात, या मताला फारसे नाहीत. फक्त एका माणसानं खाली लिहिलं की मला घंटा वाजते पण डावीकडचे घोडे अजून दिसत नाहीत, आणि माझे डोळे चांगले आहेत, मी रोज भोकर रोडला जीप चालवतो. त्याच्या खात्याला ना खरं नाव होतं ना फोटो. मी त्याला लिहिलं, परत लिहिलं, हात जोडून लिहिलं. त्यानं मला ब्लॉक केलं.

मी रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला जाते, काळी-पिवळी जीपनं. आता जीपमध्ये चढायच्या आधी मी ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला, खिडकीबाहेर जरा लांब उभी राहते आणि काही न बोलता हात वर करते. ड्रायव्हर समोर बघत असला तरी "या ताई, बसा" म्हणतो. तसं म्हटलं की मी बसते. सगळे म्हणतात. मला वेडी समजत असतील, समजोत.

गेल्या आठवड्यात एकानं म्हटलं नाही. मी हात वर करून उभी राहिले. तो समोर बघत होता. जीप भरली, मागं दोन पोरं लटकली, कुणीतरी "चला" म्हणून पत्र्यावर थाप मारली आणि ती माझ्यासमोरून निघून गेली. मी मागं पळाले, ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. फोनमध्ये गुंतला होता म्हणावं, तर त्याच्या हातात फोन नव्हता. मी नीट बघितलं होतं.